गारवा आणि ओल

वैशाख सरत आला की दख्खनच्या पठारावर एक विलक्षण स्तब्धता पसरते. शेते नांगरून, ढेकळे फोडून, काडीकचरा वेचून मोकळी झालेली असतात. काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. विहिरींनी तळ दाखविलेला असतो, आणि बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहिलेली गुरे जणू रवंथ करावयासही कंटाळलेली असतात. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू फिरकत नाही. दिवस कलला की माणसे अंगणात बाजा टाकून बसतात, आणि बोलणे कोणत्याही विषयाचे चाललेले असले तरी सर्वांचे डोळे वारंवार मावळतीकडे व नैर्ऋत्येकडे जातात. ही वाट पाहण्याची वेळ होय.

वाट कशाची, असे विचारले तर शहरातला गृहस्थ म्हणेल, गारव्याची. खेड्यातला शेतकरी म्हणेल, पावसाची. ऐकणारास ही दोन उत्तरे एकच वाटतील. उन्हाची काहिली संपावी, अंगाला थंड वारा लागावा, हीच दोघांची इच्छा, असे तो समजेल. परंतु गारवा निराळा आणि ओल निराळी. गारवा हवेत असतो, ओल जमिनीत असते. उन्हाळ्याच्या अखेरीस आधी येतो तो गारवा. ओल त्याच्या मागून येते, कधी आठवड्याने, कधी महिन्याने, आणि एखाद्या दुष्ट वर्षी ती पुरती येतच नाही. या दोहोंच्या मधले जे थोडे दिवस असतात त्यांतच शेतकऱ्याच्या सबंध वर्षाचा निकाल लागून जातो.

हा फरक सर्वांत चांगला कळतो तो पर्जन्यछायेच्या मुलखात. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत १०० किलोमीटरही न जाता माणदेश लागतो. दहिवडी, म्हसवड ही गावे त्यातली. तेथे वर्षाचा सारा पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आतबाहेर. समुद्रावरून आलेला ढग घाट चढताना आपले ओझे उतरून ठेवतो आणि पूर्वेच्या उतारावर जवळजवळ रिकाम्या हातांनी पोचतो. ज्या मुलखात पाऊस उदंड आहे तेथे एक सर फुकट गेली तरी कोणी तिची चौकशी करीत नाही. माणदेशात मात्र प्रत्येक सरीचा हिशेब मांडावा लागतो, आणि म्हणूनच तेथे नुसत्या गारव्याला भुलून चालत नाही.

उन्हाळ्यात मनुष्य आपल्या घरात गारवा कसा निर्माण करतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मातीचा माठ. माठाचे अंग सच्छिद्र असते. आतले पाणी त्यातून झिरपून बाहेरच्या अंगास येते व तेथून उडून जाते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती उष्णता ते आतल्या पाण्यातूनच ओढून घेते. एक ग्रॅम पाणी अशा रीतीने उडून जाण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे नुसता हिशेब केला तर एक पेला पाणी उडून गेले असता ५८ पेले पाणी १० अंशांनी निवू शकते. माठ थंड करतो तो काही मिळवून नव्हे, तर आपल्याजवळचे थोडे घालवून. दारावर टांगलेला वाळ्याचा पडदा, विदर्भात घरोघरी खिडकीला बसविलेला कूलर, किंवा घाम आलेल्या अंगावर घातलेला विंझणवारा, या सर्वांचा धर्म हाच. पाणी जाते आणि गारवा येतो.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. हवा जितकी कोरडी तितके पाणी लवकर उडते, आणि म्हणून माठही तितका अधिक थंड होतो. चैत्र-वैशाखातील रखरखीत दुपारी माठातले पाणी दातांना कळ आणते. उलट हवेत दमटपणा आला की माठाचे अंग ओलेच राहते, पाणी उडत नाही, आणि आतले पाणी कोमट लागू लागते. अशा दिवशी कूलरही नुसता घरघरतो. त्याच्या वाऱ्याने अंग निवत नाही, केवळ चिकचिकते. शहरातला गृहस्थ यावर त्रासून जातो. परंतु जाणती म्हातारी माणसे अशा दिवशी काही निराळेच मनात धरतात. ते काय, हे पुढे येईलच.

घरातील गारव्याचे जे गमक, तेच आकाशातील गारव्याचेही आहे. चैत्र-वैशाखात दोनप्रहरी तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते. समुद्रावरून थोडीफार वाफ तिच्यात मिसळलेली असली की उंचावर तिचे ढग होतात, आणि तिसऱ्या प्रहरी ते मनोऱ्यासारखे उभे राहतात. हेच वळवाचे ढग. त्यांतून थेंब सुटतात. पण खालची हवा इतकी कोरडी असते की पुष्कळ थेंब जमिनीला न पोचता वाटेतच उडून जातात. त्यांनी ओढून घेतलेल्या उष्णतेमुळे ती हवा थंड व जड होते, धाडकन खाली येते, आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. वळवाच्या आधी जो सोसाट्याचा वारा सुटतो, धुळीचे लोट उठतात, पत्रे खडखडतात आणि पाच-दहा मिनिटांत हवा १० अंशांपर्यंतही उतरू शकते, तो हाच वारा. त्याचा स्पर्श किती सुखाचा! परंतु विचार केला तर हा गारवा म्हणजे जो पाऊस शेतात पडावयाचा तो वाटेत हरवल्याची खूण असते. माठाप्रमाणे आकाशही आपले पाणी घालवूनच वारा थंड करते.

वळीव येताना खेड्यात एकच धांदल उडते. छपरावर वाळत घातलेल्या कुरडया-पापड्या गोळा करण्यासाठी बायका धावतात. पोरे आमराईकडे पळत सुटतात, कारण वाऱ्याने झडलेल्या कैऱ्यांवर त्या वेळी कोणाची मालकी चालत नाही. मग टपोरे थेंब पडू लागतात आणि मातीचा वास सुटतो. या वासाची मोहिनी सर्वत्र सारखीच. उन्हाळ्यात वनस्पतींनी सोडलेली तेलकट द्रव्ये तापलेल्या माती-दगडात मुरून बसतात, आणि पहिल्या थेंबाबरोबर ती हवेत उधळली जातात; मातीतील सूक्ष्म जंतूंनी तयार केलेले एक द्रव्यही त्यात असते. १९६४ साली बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. आपल्या देशात कनौजच्या अत्तारांनी मात्र भाजलेल्या मातीतून तो वास काढून त्याचे अत्तर करण्याची विद्या पूर्वीपासून राखली आहे. असो. वासाने मन भरते, पण त्याने पोट भरत नाही. हा वास यावयास पहिले चार थेंब पुरतात. बी उगवावयास ते पुरत नाहीत.

माणदेशातील एखाद्या घरात अशा संध्याकाळी डोकावून पाहावे. घरात म्हातारा बाप आहे, त्याला सारे आबा म्हणतात. थोरला मुलगा तिशीतला, कर्ता. कोपऱ्यात बाजरीच्या बियाण्याची पिशवी आहे. ती तालुक्याच्या दुकानातून उधारीवर आणलेली. उतरंडीच्या मडक्यात मूग व मटकी आहे. ते घरचे बी, राखेत घोळून ठेवलेले. वळीव तासभर कोसळून गेला आहे, ओघळींतून गढूळ पाणी वाहिले आहे, आणि दोन महिन्यांत प्रथमच अंगावर पांघरूण घ्यावे असे वाटत आहे. मुलाच्या अंगात हुरूप संचारला आहे. तो विचारतो, “आबा, सकाळी पाभर काढायची का? रान गार झालंय.”

आबा लगेच उत्तर देत नाहीत. ते उजाडल्यावर कुदळ घेऊन रानात जातात. वरची माती ओली आहे, हाताला चिकटते आहे. चार बोटे खाली मात्र भुकटीसारखी कोरडी माती लागते, आणि तिला हात लावला तर ती अजून उन्हाने ऊनच आहे. आबा मुलाकडे पाहतात. “गारवा आलाय रं,” ते म्हणतात, “वल न्हाय आली.”

मुलाला हे पटत नाही, आणि त्याच्या न पटण्यालाही आधार आहे. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने त्याच दिवशी पेरणी उरकली आहे. दुसरे असे की, थांबणे हे काही फुकट नसते. मूग, उडीद ही पिके जूनमध्ये, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पडली पाहिजेत. तो वेळ टळला तर त्यांचा नाद सोडावा लागतो. बाजरीही जितकी लांबेल तितका उतारा घटतो. घाई केली तर बी जाते, आणि उशीर केला तर हंगाम जातो. शेतकऱ्याचे थांबणे हे आळशाचे थांबणे नव्हे. तो दोन नुकसानींच्या मधोमध उभा असतो, आणि त्यातले कोणते पत्करावयाचे हे त्याला भरवशाचे साधन हाती नसताना ठरवावयाचे असते.

आबांच्या उत्तरामागील हिशेब मांडून पाहता येतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. दहा मिलिमीटरांचा वळीव झाला तर एकराला ४०,००० लिटर पाणी मिळाले. आकडा केवढा मोठा वाटतो! परंतु मे महिन्यात या पठारावर उघड्या भांड्यातील पाणी दिवसाकाठी १० मिलिमीटरांच्या आसपास उडून जाते. म्हणजे आकाशाने आज संध्याकाळी जे दिले ते उद्याचे ऊन सावकाराप्रमाणे परत मागून नेणार. त्यातून काळ्या जमिनीच्या भेगा आधी आपली तहान भागवितात, आणि उताराच्या हलक्या रानातून पाणी वाहून जाते. बियाला मोड फुटेल एवढी ओल कदाचित राहते, पण मोडाचे रोप होऊन त्याचे मूळ खोल जाईपर्यंत ती टिकत नाही. याच कारणास्तव कृषी खात्याचे सांगणे असते की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीस हात घालू नये. जुनी माणसे मिलिमीटर जाणत नव्हती. ती वीतभर ओल म्हणत. भाषा दोन, बोध एकच.

पुढे काय होते ते पाहावे. पाच-सहा दिवसांत शेजाऱ्याच्या रानात हिरव्या रेघा उमटतात. मुलगा बांधावर उभा राहून त्यांकडे पाहतो आणि घरी येऊन जेवताना बोलत नाही. मग वारा पुन्हा कोरडा होतो, ऊन पुन्हा तापते. दहाव्या दिवशी त्या रेघा पिवळ्या पडतात आणि बाराव्या दिवशी नाहीशा होतात. शेजाऱ्याला आता दुबार पेरणी करावयाची आहे. म्हणजे दुसरी पिशवी, दुसरी उधारी. दुबार पेरणी हे दोन शब्द वर्तमानपत्रात एका ओळीत मावतात; घरात मात्र ते दिवाळीपर्यंत, किंबहुना मुलीच्या लग्नापर्यंत जाऊन पोचतात. आबा त्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत. ते घरच्या मटकीतून दोन पायली काढून सुनेच्या हाती शेजारी पाठवितात. कारण आबांनाही ठाऊक आहे की, तरुणपणी एका वर्षी ते स्वतः असेच फसले होते, आणि दुसऱ्या एका वर्षी फार थांबल्यामुळे मूग हातचा गेला होता. पावसाच्या बाबतीत शहाणपणाचा गर्व करणारा शेतकरी सहसा आढळत नाही.

खरा पाऊस कोणता व खोटा कोणता, हे ओळखण्यासाठी लोकांनी किती खटाटोप केला आहे! सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तो जूनच्या ७ किंवा ८ तारखेस, आणि तेव्हापासून पावसाची नक्षत्रे मोजतात: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा व हस्त. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती हे वाहन निघाले की मुबलक पावसाची आशा धरतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी धान्यांची घटमांडणी करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्यामागे अनिश्चिततेला काहीतरी आकार द्यावा ही धडपड आहे, आणि ती समजण्याजोगी आहे. परंतु नक्षत्रांच्या तारखाही ऋतूशी कायमच्या बांधलेल्या नाहीत. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतुमानाच्या मानाने सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. शिवकालातील मृग आजच्याहून चार-पाच दिवस आधी लागत असे. पंचांग हा चांगला सोबती आहे. त्याला मालक करू नये.

पशुपक्ष्यांच्या खुणांतही असाच विवेक करावा लागतो. पावशा नावाचा पक्षी उन्हाळ्याच्या अखेरीस ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडतो, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. वस्तुतः तो त्याचा विणीचा काळ. कोकिळेप्रमाणे त्याची अंडीही परक्या घरट्यात, बहुधा सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात, वाढतात, आणि त्याची हाक असते ती जोडीदारासाठी. त्याच्या सांगण्यावरून जो पेरील तो फसण्याचा संभव पुष्कळ. याउलट मृगाचा किडा. मखमलीच्या तुकड्यासारखा तांबडाभडक दिसणारा हा इवलासा जीव वर्षभर मातीत दडलेला असतो, आणि जमीन चांगली भिजल्यावरच वर येतो. पावशा गारव्याच्या आधीच ओरडतो. मृगाचा किडा ओलीनंतर चालू लागतो. जो जमिनीतून बाहेर येतो त्याची साक्ष जमिनीबाबत अधिक मोलाची, हे उघड आहे.

शास्त्राची रीत याहून फार निराळी आहे असे नाही. भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातील बर्फाच्या मानावरून मोसमी पावसाचे भाकीत करण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी या पावसाचाच माग काढताना प्रशांत व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाची ती मोठी हेलकावणी शोधून काढली, जिचा एल निनोशी संबंध नंतर सिद्ध झाला. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, प्रचंड गणकयंत्रे आहेत. तरीसुद्धा मोसमी पाऊस केरळात आला असे जाहीर करण्यास हे खाते किती सावध असते पाहा. केरळ, लक्षद्वीप व मंगळूर येथील मिळून १४ ठाणी ठरविलेली आहेत. १० मेनंतर त्यांपैकी निदान शेकडा ६० ठाण्यांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला पाहिजे. तेवढ्याने भागत नाही, पश्चिमेचा वारा आकाशात चार किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला पाहिजे, त्याला पुरेसा वेग पाहिजे, आणि वर ढगांचे आच्छादनही दाट पाहिजे. म्हणजे शास्त्रदेखील एका सरीवर विश्वास टाकीत नाही. वारा एकाच दिशेने, खोलवर व सतत वाहू लागला आहे की नाही, हे ते पाहते. आबांची कुदळ जमिनीत जे शोधते तेच शास्त्रज्ञांचा फुगा आकाशात शोधतो: खोली.

आणि पाऊस आला तरी तो कसा जाईल, हे येण्याच्या तारखेवरून सांगता येत नाही. २००९ साली मोसमी पाऊस केरळात २३ मे रोजी, म्हणजे १ जून या नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर आधी पोचला. त्या वर्षी देशभरात पावसाची तूट शेकडा २२ निघाली आणि दुष्काळ पडला. २०१९ साली तो केरळात ८ जूनला आणि मुंबईस २५ जूनला, पुष्कळ उशिरा आला. पण त्या वर्षीचा पाऊस सरासरीहून शेकडा १० अधिक झाला आणि ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुराकडे महापूर आले. २०२५ साली तर नवलच झाले. मुंबईस ११ जूनला यावयाचा पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. रोहिणी नक्षत्र नुकतेच लागले होते, आंब्याची अढी अजून उतरावयाची होती, आणि राज्यभर रान गार झाले. पुढे मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ पावसाची चाल अडखळून राहिली. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याला त्या दिवसांत परोपरीने सांगावे लागले. ज्यांनी ते मानले त्यांनी गारवा व ओल यांतील फरकच मानला.

या वाट पाहण्यात शेतकरी एकटा नसतो. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरलेले धनगर पावसाची चाहूल लागताच घाट चढून परत येतात. कोकणातला पाऊस मेंढरांना मानवत नाही आणि माणदेशातल्या माळावर पुढे चारा फुटावयाचा असतो. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते व फलटण, नातेपुते या मार्गाने पंढरीकडे जाते. ज्या वर्षी पेरण्या वेळेवर उरकतात त्या वर्षी वारकरी मोकळ्या मनाने चालतो. ज्या वर्षी त्या राहतात त्या वर्षीही तो चालतो, पण वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी गावाकडच्या माणसाला पहिला प्रश्न तो एकच विचारतो: तिकडे पाणी झाले का?

पुन्हा आबांच्या घराकडे वळावे. वळीव होऊन तीन आठवडे लोटले आहेत. मृग निम्मा सरला आहे. एके दिवशी सकाळपासूनच हवा जड आहे. ऊन फारसे नाही, तरी घाम खळत नाही. पश्चिमेचा वारा सुटला आहे. तो वळवाच्या वाऱ्यासारखा धूळ उडवीत अंगावर येत नाही, एकसारखा, न थांबता वाहतो आहे. झाडाचे पान एकाच दिशेला वळून राहिले आहे. सुखाचे असे त्यात काहीच नाही. घरातली पोरे किरकिरत आहेत, मुलगा पंचाने वारा घेत उंबऱ्यावर बसला आहे. तेवढ्यात म्हातारी तांब्या भरून आणते व नवऱ्यापुढे ठेवून म्हणते, “अवं, आज माठातलं पाणी काय निवलं न्हाय बगा.”

आबा एक घोट घेतात. पाणी खरोखरच कोमट आहे. ते तांब्या खाली ठेवतात आणि मुलाला म्हणतात, “पाभरीचं फण बघून ठेव. चाडं कुठं हाय ते हुडक.”

जाणती माणसे माठाच्या कोमट पाण्यावरून मनात काय धरतात, ते हेच. हवेत आता इतकी वाफ आली आहे की तिला माठाचे पाणी नको झाले आहे. जी हवा महिनाभर सर्वांजवळून ओल मागून नेत होती ती आता देण्याच्या तयारीत आहे. उन्हाळ्यातील थंड पाणी हे कोरडेपणाचे लक्षण होते. आजचे कोमट पाणी हे पावसाचे लक्षण आहे. ज्याने केवळ गारव्याची वाट पाहिली तो आज त्रासलेला असतो. ज्याने ओलीची वाट पाहिली त्याला हाच दिवस सुखाचा वाटतो.

त्या रात्री पाऊस येतो. गडगडाट फारसा नाही, वारा बेताचा, गारा तर नाहीतच. पत्र्यावर एक लय धरून तो पहाटेपर्यंत पडत राहतो, दुसऱ्या दिवशी थोडी उसंत घेतो, आणि पुन्हा रात्रभर पडतो. तिसऱ्या दिवशी उघडीप होते. आबा कुदळ घेऊन निघतात. या वेळी मुलगा न बोलावता मागोमाग जातो. वीतभर खणले तरी माती काळीभोर व थंड लागते. आबा तिची मूठ आवळतात, तिचा लाडू होतो आणि हात उघडल्यावर तो फुटत नाही. पायाजवळून एक तांबडा मखमली किडा सावकाश चालत जातो. मुलगा वाकून स्वतःच्या हाताने माती उचलतो, आवळून पाहतो, आणि काही न बोलता बापाकडे बघून मान हलवितो. त्या एका मान हलविण्यात तीन आठवड्यांचा अबोला संपून जातो. बापाजवळची विद्या मुलाच्या हातात उतरते ती अशी, तळहातावरच्या मातीतून.

वापसा येताच पाभर जुंपली जाते. आता बैलजोडी थोड्याच घरी उरली आहे, पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरवरच पेरणी होते; आबांच्या घरी मात्र अजून जोडी आहे. सून पदर खोचून पाभरीमागे चालते आणि चाड्यावर मूठ धरते. बांधापलीकडे शेजाऱ्याचीही पाभर चालू झाली आहे, आणि तिच्या चाड्यातून आबांनी धाडलेली मटकी पडत आहे. आकाश भरून आले आहे, वारा गार आहे, आणि त्या गारव्याकडे आज कोणाचेच लक्ष नाही. सर्वांचे डोळे जमिनीकडे लागलेले आहेत.